शेवग्याखालचे छप्पर

डोंगराच्या पायथ्याशी कौलारू घरांचे एक गाव होते. त्या गावात एक विणकर राहत असे आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी माळीण.

गावाची एक जुनी रीत होती. गारा पडून गेल्या की कुणी आपले छप्पर आपण तपासायचे नाही. शेजाऱ्याने शिडी घेऊन यायचे, वर चढून एकेक कौल बोटाने वाजवून पाहायचे. मग त्याच्या छपरासाठी आपण शिडी न्यायची. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हते, पण ती मोडत मात्र कुणी नसे.

विणकर आणि माळीण यांचे गेल्या पावसाळ्यापासून बोलणे बंद होते. माळणीचा शेवगा विणकराच्या छपरावर वाकला होता. त्याचा पाला मागच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत पडे आणि पाणी तुंबे. "फांदी तोड," असे विणकराने सांगितले. "शेंगा खाताना बरी गोड लागते ती फांदी!" असे माळणीने सुनावले. तेव्हापासून शेंगाही बंद झाल्या आणि हाकाही.

एका दुपारी आभाळ काळे झाले आणि लिंबाएवढ्या गारा कोसळल्या. अंगणे पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर शिड्या फिरू लागल्या. विणकर आपल्या दारात उभा राहिला, माळीण तिच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही आत गेले.

"माझं छप्पर मला पाहता येत नाही होय?" विणकर बायकोला म्हणाला. त्याने दारे-खिडक्या लावून माजघरात अंधार केला आणि मान वर करून पाहू लागला. कौल फुटले असेल तर उन्हाचा ठिपका दिसायला हवा. त्याने घाई केली नाही. पुढच्या बाजूला एक ठिपका सापडला, ते कौल त्याने आतूनच सरकवून बदलले. मागच्या बाजूला, जिथे तुळईला तान्ह्या मुलीचा पाळणा टांगला होता, तिथे वर मिट्ट काळोख होता.

"बघ, पाळण्यावर एक किरणसुद्धा नाही," तो म्हणाला. "खुशाल निजव पोरीला."

मुलगी झोपली. विणकर मागावर बसला. तेवढ्यात माळीण दारात आली. त्याच्याकडे न पाहता ती त्याच्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याला सांग, मागची कौलं दबलीत. माझ्या परसातून दिसतंय."

"सांग त्यांना," विणकर हातातला धोटा न थांबवता म्हणाला, "आमचं आम्ही पाहिलंय. एक ठिपका नाही उजेडाचा."

"ठिपका कसा दिसेल? शेवग्याचा सगळा पाला झडून पन्हळीत पडलाय, त्यावर गारांचा ढीग साचलाय. अजून विरघळला नाही. भोकं असली तरी बुजलीत ना सगळी!"

"पाला कुणाचा, तेही विचार त्यांना!"

माळणीचा चेहरा उतरला. "माझाच," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

"अहो, एकदा वर चढून बघा ना," बायको म्हणाली.

"म्हणजे मी आंधळा? या डोळ्यांनी पाहिलंय मी."

आत काहीतरी करकरले. पाळण्याची दोरी असेल, असे विणकराला वाटले. माळणीला तसे वाटले नाही. ती वहाणांसकट माजघरात घुसली, मुलीला पाळण्यातून उचलले आणि अंगणात धावली. मुलगी दचकून किंचाळू लागली.

विणकर आणि त्याची बायको तिच्यामागे धावली. "झोपलेलं लेकरू उचलतेस?" विणकर ओरडला. "फांदीचा राग तान्ह्या पोरीवर? वहाणा घालून माझ्या घरात..."

पुढचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. पाठीमागे कडाडून आवाज झाला आणि दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

धूळ बसली. शेजारपाजारचे लोक शिड्यांवर होते तिथेच थिजले. विणकर उंबऱ्यात गेला. पाळणा दिसत नव्हता. त्या जागी मोडलेली तुळई, कौले, ओला पाला आणि गारा यांचा ढीग होता. ढिगाखालून पाळण्यावरची कापडी चिमणी तेवढी बाहेर आली होती. सकाळी जिथे एक ठिपका नव्हता, तिथे आता ऊनच ऊन होते.

 विणकर उंबऱ्यावर बसला. 

तो म्हणाला, "काकी, मी पाहिलं होतं गं. नीट पाहिलं होतं."

"पाहिलंस रे बाबा. पण आतून." माळणीने मुलीला तिच्या आईच्या हातात दिले.  "मला तर कालच दिसलं होतं. संध्याकाळीच. मीच आधी का बोलू, म्हणून गप्प राहिले. रात्रभर पोर त्याच्याखाली झोपली होती."

विणकराच्या बायकोने मुलीला घट्ट धरले. विणकर माळणीकडे पाहतच राहिला. रागावायचेही त्याला सुचले नाही. मग त्याची नजर तिच्या छपराकडे गेली.

"काकी, तुझं कुणी पाहिलं?"

"कोण पाहणार? तुझ्याकडे होतं ते."

विणकर उठला. त्याने शिडी उचलली, माळणीच्या भिंतीला लावली आणि वर चढून एकेक कौल वाजवू लागला. मध्येच तो थांबला.

"काकी, चुलीवरची फुटलीत. आत जाऊ नकोस. मी बदलून देतो."

"बरं," माळीण खालून म्हणाली. मग म्हणाली, "आणि वर गेलाच आहेस तर ती फांदीही तोड. शेंगा आधी काढून घे, सूनबाईला दे."

तात्पर्य इतकेच: आपल्या छपराची मोडतोड आतून दिसत नाही, ती शेजाऱ्याला दिसते. त्याच्याशी बोलणे तोडू नये. आणि शेजाऱ्याची मोडतोड आपल्याला दिसली, तर सांगायला सकाळची वाट पाहू नये.