पडायला शिकवलेला मल्ल

फार जुनी गोष्ट. एका नदीच्या दोन तीरांवर दोन राजे राज्य करत होते. दोघांचं पिढीजात वैर, पण लढायांना दोघेही कंटाळलेले. म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. दर चैत्रात जत्रेच्या दिवशी नदीच्या वाळवंटात मैदान भरायचं आणि दोन्हीकडचा एकेक मल्ल कुस्ती धरायचा. ज्याचा मल्ल जिंकेल त्या राजाने वर्षभर मिरवायचं, दुसऱ्याने खाली मान घालायची. राजेलोकांचं असंच असतं. माती दुसऱ्याच्या अंगाला लागायची आणि मिशीला पीळ मात्र हे भरायचे.

अलीकडच्या राजाकडे वर्षानुवर्षं हारच येत होती. शेवटी त्याने दूर डोंगराकडून एक वस्ताद बोलावून आणला. वस्तादाने स्वतःच्या उमेदीत पुष्कळ मैदानं मारली होती. आता केस पिकायला लागले होते आणि एकच इच्छा उरली होती, की आपल्या हातून एक तालीम उभी राहावी. राजाने वाड्यामागची एक मोकळी इमारत दिली. वस्तादाने स्वतः फावडं धरून तिच्यात मातीचा हौद खणला, लाल माती सात वेळा चाळली, तिच्यात ताक, तेल आणि हळद मुरवली. मग गावोगाव हिंडून त्याने बावीस पोरं गोळा केली. त्यांना दूध मिळतं का, झोप पुरते का, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. लोक म्हणायचे, याला स्वतःचं मूलबाळ नाही, पण बावीस पोरांचा बाप आहे. आणि ते खरंच होतं, म्हणून तर पुढे जे झालं ते वाईट.

त्या बावीसांत हैबती नावाचा एक पोरगा होता. उंचापुरा, देखणा, अंगात हत्तीचं बळ. दुसऱ्याच वर्षी त्याने जत्रेचं मैदान मारलं आणि राजाने भर वाळवंटात वस्तादाच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. तेव्हापासून हैबती म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे हैबती असं होऊन बसलं.

त्याच बावीसांत कोष्ट्याचा एक मुलगा होता, तुळाजी. बोलायला कमी, बघायला जास्त. वस्ताद हैबतीला एखादा डाव शिकवायला लागला, की हा कोपऱ्यात बसून डोळ्यांनी शिकून घ्यायचा.

पुढच्या जत्रेला आठ दिवस उरले होते. सकाळी सरावाच्या कुस्तीला वस्तादाने हैबतीसमोर तुळाजीला उभं केलं. हाताला हात भिडवून खडाखडी झाली, हैबती पुढे झेपावला, आणि कुणाला काही कळायच्या आत तुळाजीने त्याला अशी ढाक मारली, की राजाचा लाडका मल्ल डोक्यावरून जाऊन पाठीवर आपटला. कोपऱ्यातून कुणाच्या तरी तोंडून "शाब्बास!" निघून गेलं आणि मग त्यानेच जीभ चावली. हैबती उठला, अंगावरची माती न झटकता कपडे उचलून चालता झाला. दिवसभर त्याने दुधाला तोंड लावलं नाही.

संध्याकाळी तो वस्तादाकडे आला. "वस्ताद, मला यंदा मैदानात पाठवू नका. ज्याला कोष्ट्याचं पोर पाडतंय, त्यानं तिथं जाऊन काय करायचं?"

राजाने आदल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं, "वस्ताद, हरणाऱ्यांना मी पोसत नाही. यंदा मैदान गेलं तर तुमच्या तालमीत धान्याची पोती रचू." राजे हसून बोलतात तेव्हाच जास्त खरं बोलतात, हे वस्तादाला माहीत होतं. बावीस पोरांचं दूधभाकर त्या एका पोरावर टांगलेलं होतं.

तो तुळाजीला विहिरीवर घेऊन गेला. "सकाळची ढाक कुणी शिकवली रे तुला?"

"तुम्हीच की, वस्ताद. हैबतीला शिकवत हुता, मी बघत हुतो."

'शाब्बास' हा शब्द वस्तादाच्या ओठापर्यंत आला होता. खऱ्या वस्तादाच्या तोंडून त्या वेळी तोच निघायला हवा होता. पण वस्तादाने तो गिळला.

"डाव बेस होता. पण हैबतीवर पुन्यांदा मारू नगंस. त्याच्याशी पूर्ण जोरानं लढ, पकड घट्ट धर, त्याला घाम फुटू दे. फक्त त्याचे खांदे मातीला टेकायच्या आत हात सैल सोड आणि तू पाठीवर जा. त्याचा धीर सुटता कामा नये."

"रोज?"

"जत्रेपुरतं. शब्द देतो."

तुळाजीने विहिरीत एक खडा टाकला. मग म्हणाला, "वस्ताद, असं करता करता मी खरंच पडलो, का मुद्दाम पडलो, हे माझं मलाच कळंना झालं तर?"

वस्ताद हसला. "खुळा हायेस. ज्याचं त्याला कळतंच की."

तुळाजी पडू लागला. हैबती खुलला, दूध पिऊ लागला आणि जत्रेचं मैदान मारून हत्तीवरून गावात आला. जत्रा संपली. पण मग दसऱ्याचं मैदान आलं, मग राजाचे पाहुणे तालीम बघायला आले, मग एकदा हैबतीचं मन थाऱ्यावर नव्हतं. दर वेळी वस्ताद म्हणायचा, "एवढ्यापुरतं." असं करता करता नऊ वर्षं गेली.

तालमीतली बाकीची पोरंही काही डोळे मिटून बसली नव्हती. तुळाजीची ढाक कुणाला रुचली नव्हती आणि आता तो कसा पडतो, हे त्यांनी पाहिलं होतं. हैबतीशी गाठ पडली की जो तो शेवटच्या घटकेला हात सैल करू लागला. तसं केलं की सगळ्यांना गोड लागायचं. हैबतीला, वस्तादाला, राजाला. वस्तादाच्या ते ध्यानात आलं नाही असं नाही. एखाद्या पहाटे हौदाच्या कठड्यावर बसून त्याला वाटायचं, हे काही खरं नव्हे. पण दर चैत्रात शाल मिळत होती, पोरांना खुराक मिळत होता, आणि चालत्या गाड्याची खीळ कोण काढतो?

दहाव्या वर्षी दसऱ्याला हैबती नदीपलीकडे निघून गेला. पलीकडच्या राजाने त्याला घोडा दिला, मानाची जागा दिली. गरज सरो नि वैद्य मरो, तशी गत झाली. जाताना वस्तादाच्या पायाही पडला नाही. नऊ वर्षं ज्याला तालमीत कुणी अडवलंच नव्हतं, त्याला आपण कुणामुळे उभे आहोत हे कळणार तरी कसं?

राजाने वस्तादाला बोलावलं. "तो गेला तर गेला. अजून एकवीस आहेत ना? त्यातला एक उभा करा. चैत्रात हैबतीलाच पाडायचं. नाहीतर आमचं बोलणं तुमच्या लक्षात असेलच."

दुसऱ्या दिवशी वस्तादाने एकवीस जणांतून दहा जोड्या लावल्या आणि तो हौदाच्या कठड्यावर बसला. दोघे दोघे झुंजत होते, छान झुंजत होते, डाव चोख होते. पण कुस्ती निकाली व्हायची वेळ आली की पकड ढिली व्हायची. कधी एकाची, कधी दुसऱ्याची. लग्नात पंगतीला "आधी तुम्ही बसा" म्हणतात, तसं चाललं होतं. इतकी वर्षं आपण तालीम उभी करत होतो असं वस्तादाला वाटत होतं, आणि उभा केला होता तो एकच माणूस, जो आता नदीपलीकडे होता.

तरी त्याने धीर सोडला नाही. त्याने तुळाजीला निवडलं. हैबतीच्या अंगाची नस न नस तुळाजीला पाठ होती. समोरच्याचे पाय ओढायला पट काढण्याआधी तो डावा खांदा पाडतो, दमला की श्वास तोंडाने घेतो, हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. सहा महिने वस्तादाने त्याला राबवलं आणि एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली, "सोडू नगंस." तालमीतल्या पोरांवर तुळाजी हळूहळू कुस्त्या पूर्ण करू लागला. वस्तादाला वाटलं, गेली खोड.

चैत्र आला. वाळवंट माणसांनी फुललं, हलगी कडाडली. हैबतीने सलामी दिली आणि समोर तुळाजीला बघून तो मोठ्याने हसला. पण ते हसू फार टिकलं नाही. त्याने पट काढायला खांदा पाडला, तर तुळाजी आधीच बाजूला होता. त्याने ढाक भरली, तर ती तुळाजीने मध्येच तोडली. हैबतीला कितीतरी वर्षांनी एवढ्या तोडीची कुस्ती लढावी लागत होती, आणि थोड्याच वेळात तो तोंडाने श्वास घेऊ लागला. तुळाजीने संधी साधली. हैबतीला खाली घेतला, त्याचा हात आणि पाय एकत्र आवळून लाकडाच्या मोळीसारखा बांधला आणि पालथ्याचा उताणा करू लागला. एक खांदा मातीला टेकला. दुसरा चार बोटं वर राहिला. अलीकडचा राजा उठून उभा राहिला. सगळं वाळवंट उभं राहिलं.

हैबतीने जीव खाऊन एक उसळी मारली आणि तुळाजीची बोटं उघडली.

उसळी काही मोठी नव्हती. पकड सुटण्यासारखी तर मुळीच नव्हती. पण बोटं उघडली, आणि दुसऱ्याच क्षणी तुळाजी पाठीवर होता, डोळ्यांत ऊन जात होतं.

हैबती त्याच्या छातीवरून उठला, पण त्याने हात वर केला नाही. तो तिथेच मातीत बसला. "का सोडलंस?" त्याने हळू आवाजात विचारलं. "मी गेलो हुतो. का सोडलंस?"

"मी न्हाई सोडलं," तुळाजी म्हणाला. "हातांनी सोडलं. त्यास्नी तेवढंच ठाऊक हाय."

हैबतीने त्याचा दंड धरला. "म्हंजे तालमीत... ते सगळं... रोज?"

पलीकडच्या लोकांनी हैबतीला खांद्यावर उचललं, गुलाल उधळला, पण त्याचा चेहरा उतरला होता. त्यानंतर तो मैदानात उतरला नाही म्हणतात.

राजाने त्याच जागी हुकूम सोडला, "अक्षय तृतीयेला तालीम रिकामी करा."

"महाराज," वस्ताद हात जोडून म्हणाला, "पोरगा हरला नाही. मी हरलो. त्याला मीच पडायला शिकवलं होतं."

"मग तर ती आधीच रिकामी करायला हवी होती," राजा म्हणाला आणि मेण्यात बसला.

त्या रात्री वस्तादाला झोप लागली नाही. पहाटे तो तालमीत आला तेव्हा तुळाजी एकटाच हौदात बसून माती मुठीत घेत होता आणि सोडत होता.

"तुळाजी, माफी मागायला मला तोंड न्हाई."

"तुम्ही सांगितलं, मी ऐकलं, वस्ताद. तुमचा शब्द मोडायचा हुता का?"

"त्या दिवशी मोडायला पायजे हुतास," वस्ताद म्हणाला, आणि आपण हेही त्याच्याच माथी मारतोय हे ध्यानात येऊन त्याने मान खाली घातली. मग त्याने अंगरखा काढला. वीस वर्षांनी लंगोट कसला आणि साठीचा म्हातारा हौदात उतरला. "ऊठ. पाड मला."

"वस्तादाला कसं पाडू?"

"वस्ताद सांगतोय म्हणून पाड."

तुळाजीने पकड घेतली, वस्तादाला तोलला आणि शेवटच्या घटकेला बोटं उघडली. वस्ताद रागावला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, "पुन्यांदा." दिवस उगवेपर्यंत तेच चाललं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बरीच पोरं बोचकी बांधून गावी गेली होती. जी उरली होती ती कठड्यावर येऊन बसू लागली. वस्तादाचे गुडघे सुजले, खांदा निखळल्यासारखा दुखू लागला. तरी तो रोज पहाटे उतरत राहिला.

अक्षय तृतीयेच्या सकाळी दारात पोत्यांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आत तुळाजीने वस्तादाला उचलला होता. सगळ्यांना वाटलं, आता बोटं उघडणार. ती उघडली नाहीत. वस्ताद धाडकन पाठीवर गेला, दोन्ही खांदे मातीला लागले, आणि तुळाजी त्याला तसाच धरून राहिला. सोडायचं भानच त्याला राहिलं नाही.

मग घाबरून तो बाजूला झाला. "वस्ताद, लागलं का?"

वस्ताद आढ्याकडे बघत पडला होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांवरून मातीत जात होतं. दहा वर्षांपूर्वी गिळलेला शब्द त्याने आता उच्चारला, पण त्याला स्वतःलाच तो पुरेसा वाटला नाही.

"शाब्बास," तो म्हणाला. "ही कुस्ती मैदानात व्हायला पायजे हुती रे. माझ्यापायी हितं झाली."

तुळाजीने त्याला हात देऊन उठवलं. दोघे बाहेर आले, आणि गाडीवानांनी हौदात पहिलं पोतं टाकलं.

तात्पर्य एवढंच: एकाला उंच दाखवण्यासाठी जो बाकीच्यांना वाकायला शिकवतो, त्याला गरजेच्या दिवशी वाकलेलीच माणसं मिळतात, आणि चूक उमगली तरी गेलेली वर्षं मिळत नाहीत.