धाकू घडशाचा सूर

जेवण खाली उतरत नाही तोवर म्हाताऱ्याला धरून आणायचं आणि सांग म्हणायचं. दरसाल तेच. बरं, मोबाईल खिशात टाका. एकदाच सांगणार.

फार फार मागं, गावाला रस्ता नव्हता तेव्हा, खालच्या वाडीत धाकू घडशी राहायचा. सनईवाल्याशेजारी बसून सूर धरायचा, हे त्याचं काम. सूर म्हणजे बोटं फिरवायची भोकं नसलेली सनई. एकच स्वर, पण तो तुटता कामा नये. नाकानं वारा घ्यायचा, गालात साठवायचा, तोंडानं सोडत राहायचा. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची गाणी उचलून धरली, स्वतःचं एक वाजवलं नाही.

भात झोडून झालं की सगळं गाव एका खळ्यात बसायचं. कुणी सनई वाजवी, कुणी वर्षभर जुळवलेलं कवन म्हणे, आणि सगळ्यांच्या खाली धाकूचा सूर. एका साली पहिला मान कुणाचा यावरून जुंपली. वरच्या वाडीचा रावजी कवनं करायचा. तो म्हणाला, आधी शब्द. खालचा सनईवाला म्हणाला, आधी सनई. झालं, खळी दोन झाली. ओढ्यावरच्या लाकडी साकवावर काट्या टाकून वाट बंद केली. शहाणी माणसं! धाकूची एकुलती लेक भागी वरच्या वाडीत दिलेली. माहेर हाकेवर, आणि तुटलं.

खळ्याचा दिवस आला. सूरवाला तर गावात एकच.

"धाकूदा, तू आमचा," खालचे दारात येऊन म्हणाले.

"आणि लेक कुणाच्यात नांदते, ते विचारा त्याला," वरचे ओढ्यापलीकडून ओरडले.

धाकूनं ओळखलं. इकडं बसावं तर लेकीचे हाल, तिकडं बसावं तर भाऊबंद दारात उभे करायचे नाहीत. तो दोघांनाही "येतो" म्हणाला, सूर उचलला आणि ओढ्याच्या मधल्या काळ्या खडकावर जाऊन बसला. तिथंच फुंकला.

तीन दिवस तो सूर तुटला नाही, असं म्हणतात. ओढ्याचं पाणी खडकापाशी थांबून मग पुढं जायचं. घारी पंख न हलवता वर टांगलेल्या राहायच्या, असं म्हणतात. पण सूर खळ्यात येईना, म्हणून रावजीला शब्द सुचेना आणि सनई गप्प.

तिसऱ्या दुपारी भागी ओढ्यावर भांडी घासत होती. तिनं बापाचे गाल पाहिले. आत बसले होते.

"पाण्यात पाय टाकलास तर याद राख," सासू म्हणाली.

"बाप गेल्यावर याद राखायचीच आहे, आत्याबाई," भागी म्हणाली आणि पाण्यात उतरली.

बापाशेजारी बसून तिनं जात्यावर स्वतःशी जुळवलेली ओवी म्हटली. ती तोवर कुणी ऐकली नव्हती.

सूर बापाजीचा माझ्या, दोन्ही वाड्यांनी ऐकला,
सांगा कुणाच्या वाटेचा, कुणी मोजून घेतला.

पहिला मान भागीला गेला. आता भांडायचं कुणाशी? ती दोन्ही वाड्यांची. सनईवाला सनई घेऊन पाण्यात शिरला. मागनं रावजी, धोतर वर धरून. दोघांचं झालं तेव्हा धाकूनं तोंडातला सूर काढला.

सूर थांबला नाही. दोन्ही काठांवरचं गाव तोंड मिटून तो धरून होतं, कुणाला कळलंही नव्हतं.

"सोडू नका," एवढंच धाकू म्हणाला. लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं ऐकलं, आणि ऐकता ऐकता गेला, असं म्हणतात.

तेव्हापासून भात झोडून झालं की आपण ओढ्याकाठी बसतो. पहिली पाळी गावच्या लेकीची. मग वाजवणारे, मग वहीतलं वाचणारे. सूर सगळ्या गावानं धरायचा, घसा फाटका असो की चांगला. कुणाला गप्प बस म्हणायचं नाही, ही धाकूच्या नावाची रीत. इतक्या पिढ्यांत ती कुणी मोडली नाही. गेल्या साली मोडली. "आजोबा, तुम्ही नका धरू, बेसूर जातंय," असं भर सभेत, माईकवरून. एका म्हाताऱ्याला. बोलणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. यंदा पहिल्या रांगेत बसलाय, शाल पांघरून.

हाच तो, वसंत पाष्टे.