पुराव्याचे कालवण

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे एकदा एक वृद्ध विदुषी आपल्या शिष्येसह राहत होती. गावाला विदुषी वगैरे शब्द ठाऊक नव्हते. गाव तिला 'मुशीवाली म्हातारी' म्हणे. मुशी म्हणजे शार्क, तो दातांचा मासा, ज्याच्या नुसत्या नावाने शहरातली माणसे गुडघाभर पाण्यात किंचाळतात आणि काठावरची माणसे ज्याचे कालवण ओरपून खातात. शिष्येच्या या बाईंनी उभा जन्म त्याच्या अभ्यासात घालवला होता. गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, आणि सांगून सांगून आवाजही बसला होता.

सांगणे एवढेच, की मुशी इतर माशांसारखी लाखांनी अंडी टाकत नाही. ती पोर पोटात वागवते, बाईमाणसासारखी महिनोन्‌महिने, आणि मोजकीच पिल्ले देते. चैत्र-वैशाखात ती खाडीच्या मुखाशी येऊन बाळंत होते, कारण उथळ पाण्यात पिल्लांना खाणारे मोठे मासे येत नाहीत. तिथेच बारीक जाळे लावले, तर पुढल्या पिढीचे मूळच उपटले जाते. बाईंच्या विनवण्यांना कंटाळून म्हणा, त्यांची दया येऊन म्हणा, त्या हंगामात मुखाशी जाळे टाकायचे नाही, असे गावकीने ठरवले होते. पण ते बोलणे पक्के नव्हते. हंगामाच्या मध्यावर सभा भरे आणि बंदी ठेवायची की मोडायची, याचा दरवर्षी नव्याने खल होई.

शिष्या या खलाला विटली होती. ती मुशी शिकायला आली होती. पिल्ले मोजावीत, त्यांच्या परावर खूण लावून पाण्यात सोडावीत, कुठली परत येते ते पाहावे, हे तिचे काम. त्याऐवजी निम्मे दिवस ओसऱ्यांवर बसून कोरा चहा पिण्यात आणि टोमणे ऐकण्यात जात.

एका सकाळी ओहोटीच्या वेळी ती मुखाशी गेली, तर चांगुणा नावाची थोराड कोळीण कमरेइतक्या पाण्यातून जाळे ओढत होती. काठावरच्या पाटीत मुशीची दोन पिल्ले पडली होती, तडफड थांबलेली.

"चांगुणाकाकू, हे काय?"

"डोळं फुटलं काय गो तुजं? जाळं हाय."

"बंदी आहे इथे. गावकीने ठरवलंय."

"मग गावकीला सांग माज्या नातवाला पाजायला! सून बाळंत झाली, तवापासून दुधाचा थेंब नाय. पोर रडून रडून गप झालंय. आता रडत पण नाय ते." चांगुणाने पदराने तोंड पुसले. "मुशीचं पिल्लू खाल्ल्याबिगर दूध उतरत नाय, हे तुज्या शाळंत शिकवलं नाय वाटतं."

त्या किनाऱ्यावरची रीतच ती. बाळंतिणीला पहिल्या दिवसांत पिल्लाचे कालवण मिळालेच पाहिजे. आईने खाल्ले, आजीने खाल्ले, कुणी कधी विचारले नाही.

शिष्येने पाटी उचलली. "हे मी नेणार. पुरावा आहे."

चांगुणाच्या एका फटक्यात शिष्या पाण्यात पडली असती. पण चांगुणाने हात उगारला नाही. ती काठावर येऊन ओल्या वाळूत मटकन बसली. ते बसणे शिष्येला खटकले. तरी ती चालू लागली. शिकलेल्या माणसाला पुरावा सापडला, की मागे वळून बघायचे त्याला सुचत नाही.

"बाई," झोपडीत येताच तिने पाटी समोर ठेवली, "रविवारी सभा आहे. हे मिठात घालून ठेवू आणि सगळ्यांसमोर मांडू. एकदा जबर दंड बसला की वर्षानुवर्षांची कटकट संपेल."

बाईंनी पिल्लू हातात घेतले. पोटावर नाळेची खूण अजून भरली नव्हती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवले, बराच वेळ. मग विळी ओढली आणि दोन्ही पिल्लांचे तुकडे करायला बसल्या.

"बाई! पुरावा आहे तो!"

"म्हणून तर घाई करते. पुरावा नासतो."

"तुम्ही, तुम्ही मुशी चिरताय?"

"तू चिरतेस? नाही ना. मग खोबरं किस."

शिष्येने खोबरे किसले, पण रागाने. निम्मे बाहेर सांडले. बाईंनी लसूण ठेचली, वाटण लावले आणि पातेल्यात पाणी ओतले. मग आणखी ओतले. पुन्हा आणखी.

"कालवण आहे की आंघोळीचं पाणी?" शिष्या फणकारली.

"पातेलं धर. जपून, गरम आहे."

दोघी चांगुणाच्या घरी पोहोचल्या, तर ती दारातच उभी होती. पातेले पाहून ती म्हणाली, "मुशीवाली म्हातारी मुशीचं कालवण घेऊन आली! दर्या आज उलटा वाहतोय काय?"

"वास घे आणि वाट सोड," बाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत शेगडीची धग कोंडली होती. सून डोक्याला फडके बांधून पडली होती. तिचे ओठ सुकून फुटले होते. कुशीतले मूल निपचित होते.

"पाणी पितेस का गं?" बाईंनी विचारले.

"बाळंतिणीला पाणी?" चांगुणाच उत्तरली. "पोट सुटंल, पोराला सर्दी व्हईल. जिभंपुरतं देते."

"बरं. आणि कालवण?"

"पायजे तेवढं. म्हणून तर पाण्यात गेलते ना मी!"

बाईंनी वाटी भरली. सून प्यायली. दुसरी भरली. ती तिसरीही अधाशासारखी प्यायली. मग बाईंनी मूल उचलून तिच्या छातीशी लावले. ते निसटले. पुन्हा लावले, पुन्हा निसटले. असे किती वेळा झाले, देव जाणे. शिष्या कोपऱ्यात घामाने भिजून बसली होती, आणि तिकडे खाडीत भरती येत होती. पिल्ले मोजायची वेळ टळून गेली.

दुसऱ्या दिवशीही बाई गेल्या, तिसऱ्याही. शिष्या मागून पातेले वाहत होती. आणि त्या तिसऱ्या दुपारी, बाई भिंतीला टेकून पेंगत असताना, खोलीत बारीकसा आवाज आला. मूल घटाघटा गिळत होते. सून हसत होती आणि रडतही होती.

"बघितलं?" चांगुणाने शिष्येसमोर हात नाचवला. "मुशीनंच आलं!"

बाईंनी डोळे उघडले. "मुशी पहिल्याच दिवशी संपली, बाय. काल मांदेलीचा रस्सा होता. आज मुगाचं कढण आहे."

चांगुणाने पातेल्यात वाकून पाहिले. "म्हंजे?"

"म्हणजे पाणी. तू जे देत नव्हतीस, ते मी रश्शातून घातलं. बाकी काम तुझ्या नातवाने केलं, ओढून ओढून."

"मला फसवलंस तू, म्हातारे!"

"फसवलं. आता सांगितलं. मारायचं तर मार."

चांगुणाने मारले नाही. तिने पाण्याचा तांब्या भरला आणि सुनेपुढे आदळला. "पी आता. बघतेस काय!"

परतताना शिष्येला राहवले नाही. "बाई, पहिल्याच दिवशी सरळ सांगायचं होतं, की पाणी द्या."

बाई वाटेतल्या होडीला टेकल्या. "सरळ सांगण्यातच आयुष्य गेलं, पोरी. पोर मरेल या भीतीने जी बाई पाण्यात उतरली, तिला कानच नसतात. तिच्या हातातलं काही काढून घ्यायचं असेल, तर आधी दुसरं काही तिच्या हातात ठेवावं लागतं. तू पाटी काढून घेतलीस आणि हातात बंदी ठेवलीस. बंदी पोराला पाजता येत नाही. सभेत सगळं गाव तिच्या बाजूने उभं राहिलं असतं, आणि बरोबरच केलं असतं."

"आणि ती दोन पिल्लं?"

"ती मेली." बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिले. "माझ्या हाताने चिरली. मला झोप येते असं समजू नकोस."

"मग हे असंच चालायचं? घरोघर, खोलीखोलीतून?"

"मी दर्याचा अभ्यास करायला आले होते. जन्म गेला बाळंतिणींच्या खोल्यांत." त्या उठल्या. "चल. पाय दुखतात."

रविवारी सभा भरली. पुरुष मंडळी आधीच तापलेली. बायकांच्या दुधावर उठलेली ही बंदी हवीच कशाला, असा सूर होता. पाटलांनी विचारले, "यंदा मुखाशी जाळं कुणी टाकलं काय?"

शिष्येच्या जिभेच्या टोकावर नाव होते. एक शब्द, आणि तिचे म्हणणे खरे ठरले असते. तिने बाईंकडे पाहिले. बाईंचे डोळे मिटलेले होते. शिष्येने ओठ घट्ट केले.

"मी टाकलं," बायकांतून चांगुणा उठली. "काय दंड लावायचा तो लावा. पण ऐका. दूध मुशीनं आलं नाय. मुशी संपल्यावर आलं. आपण बाळंतिणींना तहानेनं मारतो आणि पिल्लं मारायला दर्यात जातो. माज्या सासूनं मला मारलं तसंच, मी सुनंला मारत होते. घरात तांब्या हाय ना? तो आधी भरा, मग जाळं भरा!"

बायका हसल्या. मग हसता हसता काही जणी गप्प झाल्या; कुणाकुणाची पोरे दुधाविना गेली होती. पाटील म्हणाले, "बंदी राहू द्या. यंदापुरती. पुढल्या वर्षी परत बसू."

एवढेच झाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चांगुणाचा दंडही माफ झाला नाही.

शिष्येच्या खांद्यावर भार टाकून बाई घराकडे निघाल्या, तोच वरच्या पाड्यावरची एक बाई धापा टाकत आली. तिची लेक आदल्या दिवशी बाळंत झाली होती. चांगुणाने पाठवले, म्हणाली.

बाई जागीच एका दगडावर बसल्या. "आज माझ्याने होणार नाही."

ओहोटी लागली होती. मोजणीची हीच वेळ. पिल्ले उथळात आली असतील. शिष्येने हातातली, पिल्ले मापायची फूटपट्टी बाईंच्या मांडीवर ठेवली आणि त्या बाईबरोबर डोंगराकडे चढू लागली.

मुशी राखण्याचे काम त्या संध्याकाळी खाडीकडे पाठ करून गेले.