पालथं चित्र

"पण बाबा, लोक उठून गेले तरी का?"

येसबाबा तुणतुण्याची तार पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या पारावर त्यांच्यासमोर दौलत बसला होता, त्यांचा शिष्य. चेहरा असा, की साऱ्या जत्रेनं ठरवून त्याचाच अपमान केला आहे.

येसबाबा चित्रकथी. एकेक चित्र मांडीवर पालथं ठेवायचं, कथा सांगत तिथवर यायचं आणि मग ते उचलून लोकांकडे फिरवायचं, हे त्यांचं पिढीजात काम. आता त्यांचा आवाज बसत चालला होता. ज्या चित्रांना सांगणारा उरत नाही ती नदीत सोडायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. चित्रांची चळत लाल फडक्यात बांधून पारावर ठेवली होती, आणि नदी तर पुढ्यातच होती.

आज जत्रेची शेवटची संध्याकाळ. दौलतला कथा साधली तर चळत त्याची. नाही साधली, तर उद्या सकाळी नदीची.

"माझी चित्रं वाईट आहेत का?" दौलतनं विचारलं.

"छे रे! माझ्यापेक्षा चांगली आहेत."

हे खरंच होतं. दौलतला ते ठाऊकही होतं, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

"मग? परवा मी नावाड्याची कथा लावली. इतकं देखणं चित्र काढलेलं, ते पालथं कशाला ठेवायचं? तोंड उघडायच्या आधीच फिरवलं. तर लोक जांभया द्यायला लागले!"

"हं..."

"म्हणून काल वेगळं केलं."

नावाड्याची कथा त्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ. नावाडी पुरात वाहून जातो, त्याची बायको रोज घाटावर दिवा घेऊन बसते, आणि शेवटी एका संध्याकाळी नाव परत येते. एवढीच.

"त्यांना पाठ आहे ना? मग म्हटलं, चकवू या. नाव बुडवूनच टाकली."

येसबाबांच्या मिशा हलल्या. "मग?"

"मग काय! पुढ्यातली म्हातारी ताडकन उठली. 'मेल्या, दर जत्रेला मी तिच्याबरोबर घाटावर बसते, ती काय तू नावाडी बुडवायला?' असं म्हणाली, चपला घातल्या आणि चालू पडली. तिच्यामागोमाग बाकीचे."

येसबाबा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसू नका हो!" दौलतचा आवाज चिरकला. "ठाऊक असलेलं दाखवलं तरी कंटाळतात, नवं दाखवलं तरी चिडतात. मग माणसानं करायचं तरी काय? तुम्ही तीच चित्रं दाखवायचात... आणि बाया पदर डोळ्याला लावायच्या."

"परवा तू त्यांच्या आधीच जाऊन पोचलास," येसबाबा म्हणाले. "आणि काल ते जाऊन बसले, तर तू आलाच नाहीस."

"कुठं?"

येसबाबांनी नुसतं नदीकडे बोट केलं.

दुपार कलली होती. पाण्यावर ऊन थरथरत होतं. पैलतीर असा पुसट झाला होता, की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. जत्रेतले ढोल फार लांबून, उशीत कान घालून ऐकल्यासारखे येत होते.

येसबाबांनी फडकं सोडलं. चळतीतून एक कागद काढून मांडीवर पालथा ठेवला आणि तार छेडली.

"पाणी उतरलं..." ते सांगू लागले. आवाज फाटका, एकेक शब्दावर थांबणारा. "दिवा लागला. ती घाटावर येऊन बसली... आज वारा नव्हता."

दौलतनं ती कथा शेकडो वेळा ऐकली होती. चळतीतलं नावाड्याचं चित्र तर त्याच्याच हातचं. तरी तो कधी पुढे सरकला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आणि धुक्यात... कुठंतरी... वल्ह्याचा आवाज झाला."

येसबाबांचा हात कागदाच्या कडेवर गेला.

हात तिथंच राहिला.

तार वाजत होती. नदी वाहत होती...

"बाबा, फिरवा ना!"

"काय दिसतंय?"

"नाव येतेय."

"रिकामी?"

"नाही... कुणीतरी उभं आहे तिच्यात. ती उठली. पदरानं दिवा झाकलाय तिनं. पायऱ्या उतरतेय... डावं पाऊल पाण्यात गेलं. गार आहे पाणी, बाबा... फार गार आहे!"

दौलतचे गाल भिजले होते. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

मग तो एकदम गप्प झाला. त्यानं काढलेल्या चित्रात ती वरच्या पायरीवर बसलेली होती. हातात उघडा दिवा. तिची पावलं त्यानं काढलीच नव्हती, लुगड्याच्या काठाखाली लपवून सोडून दिली होती.

येसबाबांनी कागद फिरवला.

कोरा होता. रंगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

दौलत त्या कागदाकडे बघत राहिला.

जत्रेतले ढोल जवळ आले होते. लोक कथेसाठी देवळाकडे निघाले होते, आणि कालची म्हातारी, कुरकुरत का होईना, त्यांच्यात होती.

येसबाबांनी सगळी चळत उचलून दौलतच्या मांडीवर ठेवली. सगळ्यांत वर तो कोरा कागद ठेवला. दौलतनं फडकं ओढलं आणि गाठ मारायला घेतली.

येसबाबांनी त्याचं मनगट धरलं.

"इतक्यात बांधू नकोस," ते म्हणाले. "रंग ओला आहे."