महिरपी कंसाची जागा

संगणकातल्या खुणा आपसांत बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. गावाला पाणी सोडणाऱ्या एका प्रोग्राममध्ये महिरपी कंसांची जोडी राहत होती. तो प्रोग्राम लिहिणारी हेमांगी सुरुवातीचा कंस ओळीच्या शेवटी ठेवायची. तिचे सहकारी अच्युतराव तोच कंस उचलून खालच्या ओळीवर न्यायचे. रोज हेच चालायचं.

"माझी खरी जागा कोणती?" त्या कंसाने एडिटरला, म्हणजे प्रोग्राम ज्यात लिहितात त्या सॉफ्टवेअरला, विचारलं.

"संगणकाला दोन्ही चालतात," एडिटर म्हणाला. "मला एकदा सांगितलं, तर मीच तुला नेमाने एका जागी बसवीन. पण मला कुणी सांगतच नाही."

एके दिवशी या हलवाहलवीत जोडीतला शेवटचा कंस चुकून पुसला गेला. प्रोग्राम बंद पडला आणि गावाचं पाणी थांबलं. दोघांनी दुपारभर चूक शोधली, तेव्हा कुठे कंस परत आला. मग हेमांगीने एडिटरची सेटिंग उघडली.

"कंस कुठे बसवू?" एडिटरने विचारलं.

"खालच्या ओळीवर," हेमांगी म्हणाली.

"ओळीच्या शेवटी," त्याच क्षणी अच्युतराव म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"मग मी बसू कुठे?" कंसाने हळूच विचारलं.

"आता कुठेही बस," एडिटर म्हणाला. "तुला कुणी उठवणार नाही."