आवडूकाकीचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आमच्या वाडीची आहे. तेव्हा ‘असं कसं होईल?’ म्हणून मध्येच कुणी नाक खुपसायचं नाही.

लागोपाठ दोन वर्षं भातात दाणाच भरला नाही. होड्यांतून येणारं धान्यही थांबलं. माणसं रानातला पाला शिजवून खाऊ लागली. अशा दिवसांत आमच्या वाडीत एकच परस हिरवं होतं, आवडूकाकीचं. सुरण, करांद्याचे कंद, अळू, मांडवावर पडवळ. विधवा बाई, घरात एकटी. पण असं म्हणतात, तिने सुकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची. पिकेल ते ती एका मोठ्या टोपात शिजवायची आणि वाडीतली येतील तेवढ्या सगळ्या पोरांना अंगणात बसवून वाढायची. त्या टोपावरच पोरं जगत होती.

आणि मग चोरी सुरू झाली. आज सुरण उपटलेला, उद्या पडवळाचा वेलच ओढून काढलेला. टोप अर्ध्यावर आला. धाकट्यांना वाढलं की मोठी पोरं उपाशी उठत. बाप्ये चिडले. म्हणाले, “काकी, देवाक नारळ ठेवया. चोराक रगताची उलटी होऊ दे!”

नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं म्हणजे आमच्याकडे खेळ नव्हे. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या होकाराशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही. ते घालायचा मान पुरुषाचा. पण काकीने पदर खोचला. म्हणाली, “परसू माझा, गाऱ्हाणा मीच घालतलंय.”

भर दुपारी वाडी अंगणात जमली. काकीने नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“बा देवा म्हाराजा! जेणा कोणी माझ्या परसातला नेल्यान असात, तेच्या पोरांका ता पचू दे. पण तेका सांग, चोरून नेव नको, पोरांका घेवन माझ्या अंगणात ये!”

बाप्यांची तोंडं उघडीच राहिली. चोराचं भलं कुणी मागतं का? होकार कुणी देईना.  एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

कुंपण बोललं, असं म्हणतात. म्हणू देत! तिथे वाडीतलाच बाबल तांडेल लपला होता. वाडी अंगणात जमलेली बघून लेकाचा मागच्या परसात सुरण खणायला आला होता. पण जन्माची सवय! गाऱ्हाणं कानावर पडलं आणि तोंडातून होकार गेला.

माणसं काठ्या घेऊन धावली. काकी आडवी आली. “थांबा! ह्येचोच होकार देवाक पोचलो. तुमी खंय होतास?” मग बाबलला म्हणाली, “पोरा खंय आसत?”

“घराक,” बाबल रडतच म्हणाला. होडी फुटल्यापासून त्याच्या घरात चूल पेटली नव्हती, आणि पोरांना दुसऱ्याच्या दारात जेवायला धाडायची त्याला लाज वाटायची.

“मगे आण जा तेंका. जेवाण चुलीवर आसा.”

त्या दिवसापासून बाबल राखणीला बसला, तो पुढचं पीक हाताशी येईपर्यंत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! परसातल्या पानाला कुणाचा हात लागला नाही. असं म्हणतात, त्या वर्षी एकेक करांदा दोघांनी मिळून उचलायचा एवढा निघाला, आणि टोपाचा तळ कुणाला दिसलाच नाही. खरं-खोटं देव जाणे. पण त्या दुष्काळात आमच्या वाडीतलं एकही मूल दगावलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

आजही सुरण लावायच्या दिवशी आमच्याकडे गाऱ्हाणं बाईच घालते. चोराच्या पोरांचं भलं मागते आणि थांबते. अंगणातलं कुणी तोंड उघडत नाही. पहिला होकार कुंपणामागूनच यायला हवा, आणि तो मान तांडेलांचा. लोक आपल्या घराण्यातला चोर लपवून ठेवतात. आमचे तांडेल त्या दिवशी मुंबईहून रजा काढून येतात, आणि कुंपणामागे कोण उभा राहणार यावरून भावाभावांत भांडणं होतात.