पैलवानाची कावड

"मग ही झाडं मेली कशी न्हाईत, बाबा?"

गजाबा पैलवान टेकडीवर पोचला तो घामानं निथळत, लंगडत. खांद्यावरची कावड उतरवायचंही त्याला सुचेना. पाय मुरगळल्यामुळे भर वैशाखात वीस दिवस तो घरी पडून होता. हुसेनबाबांच्या झोपडीभोवतीची बाग एव्हाना जळून कोळसा झाली असणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

आणि इथे तर सदाफुली नुसती मातली होती. कण्हेरीवर नजर ठरत नव्हती, इतकी फुलं.

"दुसऱ्या कुणी पाणी घातलं व्हय?"

"न्हाई. तुज्याबिगर हितं कोन चढतंय!"

"तुमी?"

"माज्यानं तांब्या उचलंना, घागर कुठली उचलतोय!"

गजाबानं कावड उतरवली. जरा आदळलीच म्हणा ना. सहा वर्षं रोज सकाळी तो विहिरीवरून दोन घागरी वर आणत होता. बाबांची बाग माझ्या खांद्यावर उभी आहे, असं गावभर सांगत होता. कुस्ती सुटल्यावर मिरवायला बिचाऱ्याकडे एवढंच तर उरलं होतं.

"यांला पाणी लागतच न्हाई?"

"पहिल्या साली लागलं. मुळं धरंपर्यंत. पुढं पावसाचं पुरतं त्यांना."

"म्हंजी पाच वर्सं मी उगाच..."

मग तो एकदम भडकला.

"आन् तुमाला ठावं हुतं! रोज घागर रिकामी केली की म्हणायचा, अल्ला तुजं भलं करो. ते काय माजं मन राखायला?"

"मनापास्नं म्हणायचो."

"कशापायी? गरज नव्हती तर!"

बाबा काठी टेकत उठले. त्याच्यापुढे येऊन मातीत बसले आणि त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. पैलवान ओशाळला, पाय ओढू लागला. म्हाताऱ्यानं सोडला नाही. घागरीतलं गार पाणी ओंजळीनं घोट्यावर घालत राहिला...

गजाबाचा राग उतरला होता. आता त्याला नुसतं रडू येत होतं.

"सांगा की, बाबा. कुणाला गरज हुती?"

"पहिलं साल झाडांना हुती, गजाबा. पुढची पाच मला."